पावसात डिशला बूस्टर? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! पाऊस सुरू झाला की आपल्या कमेंट्सनाही पूर येतो. प्रश्न एकच: "सिग्नल जातो, कुठला बूस्टर घेऊ?" कुठलाच नाही!

आधी विज्ञान भराभर उरकतो. उपग्रह जवळजवळ 36,000 किलोमीटरवर, पण पावसाची गडबड असते शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये. घरच्या डिशचा केयू बँड, म्हणजे ती पकडते तो लहरींचा पट्टा, साधारण 12 गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहर अडीच सेंटिमीटरची. टपोरे थेंब पाच-सहा मिलिमीटरचे. ते ही लहर शोषतात, इकडेतिकडे विखुरतात. सी बँड नावाच्या दुसऱ्या पट्ट्याची लहर साडेसात सेंटिमीटरची, थेंबांपेक्षा खूपच मोठी, म्हणून ती बऱ्यापैकी निभावते. केए बँडची लहर तर आणखी छोटी, त्यामुळे त्यावर उपग्रहाचं इंटरनेट घेणाऱ्यांनो, तुमचे हाल सगळ्यांत जास्त. झालं.

आता बूस्टर. तो सिग्नल वाढवतो आणि सोबतचा नॉइजही, म्हणजे नको असलेली खरखर, तेवढाच वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. त्यात पावसाचे थेंबही नॉइज सोडत असतात.

नाही पटत? भर गर्दीत कुणीतरी कुजबुजलं आणि तुम्ही ते रेकॉर्ड केलं. नंतर आवाज वाढवलात तर गर्दीच जोरात ऐकू येणार ना?

अजूनही नाही? मग माझी फजिती ऐका. मीही लावला होता बूस्टर. सेट-टॉप बॉक्स दाखवतो तो स्ट्रेंग्थचा, म्हणजे सिग्नलच्या जोराचा, आकडा टणकन वर, मी खूश! पहिली जोरदार सर आली आणि चित्राचे पुन्हा तेच चौकोन चौकोन. शेजारचा क्वालिटीचा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा, आकडा मी बघितलाच नव्हता, तो जागचा हलला नव्हता. बूस्टर लांबलचक केबलमधली घट भरून काढायला असतो. ढगात गेलेलं तो परत आणत नाही.

"पण उन्हात चित्र झकास असतं, म्हणजे डिश बरोबरच आहे!" ही कमेंट वाचली की मला कपाळाला हात लावावासा वाटतो. अहो, डिजिटल चित्र अगदी काठावरच्या सिग्नलवरही झकासच दिसतं, आणि थोडी घट झाली की एकदम गायब! म्हणून कोरड्या दिवशी डिश केसाकेसाने हलवा, एलएनबी (डिशसमोरची सिग्नल पकडणारी डबी) किंचित फिरवून बघा, क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे नट आवळा. 60 ऐवजी 90 सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट, साधारण साडेतीन डेसिबलचा फायदा. कनेक्टरमध्ये पाणी जातंय का तेही बघा. केबलला खाली झोल ठेवा, पाणी तिथूनच ठिबकून जाईल. एवढं करूनही ढगफुटीसारख्या पावसात चित्र जाईल, पण पूर्वीपेक्षा लवकर परत येईल.

जाता जाता, एका ताईंनी विचारलंय, "आमच्याकडे थेंबही नव्हता, तरी चित्र कसं गेलं?" ताई, डिश आकाशात तिरकी बघते. 45 अंशांवर असेल तर चार किलोमीटर उंचीवर तिची नजर तुमच्या घरापासून चार किलोमीटर लांब असते. तिथल्या सरीनं ते चित्र अडवलं. वारा तुमच्या दिशेनं असेल तर आधी वाळत घातलेले कपडे काढा!