‘सावा’ की ‘शिदा’? : मोबाइल आणि आरोग्यसेवा

[दृश्य: अंधारात उजळलेला बटणांच्या साध्या फोनचा स्क्रीन. त्यावर एकच शब्द.]

माम्बो?

स्वाहिलीत याचा अर्थ ‘काय, कसं काय?’ केनियात २००७ साली एचआयव्हीची औषधं सुरू होत असलेल्या काही रुग्णांना दवाखान्याकडून दर आठवड्याला असा मेसेज जायला लागला. त्यात औषधाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही. ‘गोळी घेतली का?’ असा दरडावणारा प्रश्नही नाही. उत्तर ४८ तासांत पाठवायचं, तेही दोनपैकी एक. ‘सावा’, म्हणजे ठीक चाललंय. ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे. ‘शिदा’ आलं, किंवा काहीच आलं नाही, की दवाखान्यातून फोन जायचा.

या चाचणीत ५३८ रुग्ण होते. २७३ जणांना मेसेज आणि २६५ जणांना नेहमीचेच उपचार. औषधं नियमित घेतल्याचं सांगणारे मेसेजच्या गटात ६२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ५० टक्के. सांगणं आणि घेणं यांत अंतर असतं, म्हणून रक्तही तपासलं गेलं. विषाणू आटोक्यात आलेले ५७ टक्के, तर दुसरीकडे ४८. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

साधारण त्याच काळात कॅमेरूनमधल्या याउंदे शहरात २०० रुग्णांवर अशीच एक चाचणी झाली. आठवड्याला एक मेसेज, तोही हुरूप वाढवणारा, आणि सोबत मदतीसाठी फोन नंबर. सहा महिन्यांनी मोजलं, तर म्हणण्यासारखा फरक नाही.

रुग्ण वेगळे, ठिकाण वेगळं, मजकूर वेगळा. तेव्हा दोन चाचण्या शेजारी ठेवून एकच कारण काढणं घाईचं होईल. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. याउंदेत अडचण आली तर फोन रुग्णाने करायचा होता. केनियात रुग्ण गप्प बसला, तरी फोन दवाखान्यातून यायचा.

[दृश्य: संगणकावर मेसेज टाइप होतोय. कोपऱ्यात अक्षरमोजणी पळतेय.]

आता मेसेजकडे जरा जवळून पाहू. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं बसतात. देवनागरीत ७० जागा मिळतात, आणि या जागा म्हणजे आपण मोजतो ती अक्षरं नव्हेत. काना, वेलांटी, उकार, हलन्त, प्रत्येकाची जागा वेगळी. ‘रक्तदाब’ डोळ्यांना चार अक्षरी दिसतो, पण फोनच्या हिशेबात तो सात जागा खातो.

‘उद्या सकाळी १० वाजता या. जुना कागद आणा.’ या मेसेजला मोकळ्या जागा आणि टिंबं धरून ३९ जागा लागतात. आरामात बसतो. यात नमस्कार, दवाखान्याचं नाव आणि ‘आपल्या उत्तम आरोग्यासाठी सदैव तत्पर’ घातलं, की गाडी सत्तरीपलीकडे जाते. मग एका मेसेजचे दोन होतात, आणि जोडणीची माहिती मध्ये घुसल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ जागाच उरतात. खर्च दुप्पट. शिवाय एक तुकडा अडकला, तर रुग्णाच्या हाती अर्धं वाक्य. उलटंही घडतं. रोमन मजकुरात कुठून तरी चिकटवलेलं एकच वळणदार अवतरणचिन्ह असलं, तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशेबात जातो. हजारो मेसेज गेल्यावर बिल बघून लोक चक्रावतात, ते यामुळे.

जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, तो प्रश्न आणखी वेगळा. म्हणून नोंदणीच्या वेळी नंबर लिहून घेऊन थांबायचं नाही. समोरच एक मेसेज पाठवायचा आणि रुग्णाला तो वाचून दाखवायला सांगायचं. अर्धा मिनिट जातो. नंबर चुकलाय का, लिपी दिसते का आणि माणसाला वाचता येतं का, या तिन्हींची उत्तरं त्यात मिळतात. वाचता येत नसेल, तर आवाजी कॉल लावायचा.

[दृश्य: गोळ्यांचं पाकीट. अंगठ्याने गोळी दाबली जाते. मागच्या कागदाला भोक पडतं आणि आत छापलेला नंबर दिसतो.]

गोळी घेतली की नाही, हे दुरून कसं कळणार? भारतात क्षयरोगाच्या उपचारांत ९९डॉट्स नावाची एक युक्ती वापरली गेली. गोळ्यांच्या पट्टीभोवती कागदी पाकीट. गोळी दाबून बाहेर काढली, की त्यामागे लपलेला फोन नंबर उघडा पडतो. आज कोणता नंबर निघेल, हे आधी सांगता येत नाही. त्या नंबरवर फुकटचा कॉल केला, की त्या दिवसाचा डोस नोंदला जातो. फोन कोणताही चालतो, इंटरनेट लागत नाही.

युक्ती झकास आहे. पण कॉल आला याचा अर्थ गोळी पाकिटातून निघाली, एवढाच. ती पोटात गेलीच असं नाही. आणि कॉल आला नाही, तर गोळी चुकलीच असंही नाही. फोन घरातल्या दुसऱ्याकडे असतो, बॅटरी उतरलेली असते, किंवा माणसाला रोजचा कॉल कंटाळवाणा झालेला असतो. कॉल न आलेल्या दिवसापुढे पडद्यावर दिसणारा लाल ठिपका बघून रुग्णावर डाफरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. लाल ठिपक्याचा अर्थ ‘जाऊन विचारा’ इतकाच.

[दृश्य: औषधांचं कपाट. खालचा कप्पा रिकामा.]

कधी कधी रुग्ण वेळेवर येतो आणि औषधच नसतं. टांझानियात २००९-१० मध्ये तीन जिल्ह्यांतल्या १२९ आरोग्यकेंद्रांत हिवतापाच्या औषधांचा साठा एसएमएसने विचारायला सुरुवात झाली. आठवड्याला एकदा विचारणा, उत्तर पाठवायला पैसे नाहीत, आणि वेळेत पाठवलं तर थोडा रिचार्ज. सुरुवातीला ७८ टक्के केंद्रांत हिवतापाचं किमान एक औषध संपलेलं होतं. २१ आठवड्यांनी हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं.

इथे चुका होतात त्या अगदी साध्या. एक जण ‘१२’ म्हणजे बारा खोकी समजून पाठवतो, दुसरा बारा पाकिटं. शून्याच्या जागी रोमन ‘ओ’ टाइप होतो आणि यंत्रणा मेसेज फेकून देते. ज्याचा नंबर नोंदवला, त्याची बदली होते. पुढचे तीन महिने विचारणा दुसऱ्याच गावात वाजत राहते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक औषधाचं मोजायचं माप कपाटाच्या दारावर चिकटवायचं. आणि नंबर व्यक्तीच्या नावावर न घेता केंद्रातल्या दोघांचे घ्यायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये डिजिटल आरोग्यसेवेविषयी दहा शिफारशी केल्या. मोबाइलवरून साठा कळवण्याची शिफारस त्यात आहे, पण अटीसह: पुरवठा करणारी यंत्रणा त्या सूचनेवर वेळेत काही करू शकत असेल, तरच. गाडीच निघणार नसेल, तर ‘साठा शून्य’ हा मेसेज दर आठवड्याला न चुकता पाठवून कपाट भरत नाही.

[दृश्य: फोनच्या कॅमेऱ्यावर ठेवलेलं बोट. दिव्याच्या उजेडात लालभडक.]

आता फोनच मोजमाप करायला लागलाय. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, दिवा लावा. प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त किंचित वाढतं, उजेड थोडा जास्त शोषला जातो, आणि कॅमेऱ्याला चित्र लवभर काळवंडलेलं दिसतं. ही चढउतार मोजली, की नाडीचे ठोके मिळतात. बोट स्थिर असेल आणि गार पडलेलं नसेल, तर चांगले मिळतात.

पण त्याच बोटावरून ऑक्सिजन सांगणाऱ्या अॅपवर विसंबू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दोन वेगळे प्रकाश सोडतो, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड), आणि दोन्ही किती शोषले गेले याची तुलना करतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापुढे अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते आणि त्याचा दिवा पांढरा असतो. तुलनेतली अर्धी बाजूच तिथे नाही. खरा ऑक्सिमीटरही चुकतोच. नखांचं पॉलिश, थंड बोटं, हालचाल ही नेहमीची कारणं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के. सावळ्या, काळ्या हातांवर हे यंत्र लावणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा माहीत हवा. रुग्णाला धाप लागली असेल, तर आकडा चांगला आहे म्हणून त्याला घरी पाठवायचं नाही.

रक्तदाबाचं यंत्र ब्लूटूथने फोनला आकडा देतं, त्यामुळे लिहिताना होणारी चूक टळते. मोजताना होणारी तशीच राहते. पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि मोजताना गप्पा बंद. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा आवळला, तर दाब आहे त्याहून जास्त दिसतो. मग फोन तो चुकीचा आकडा अचूकपणे साठवतो आणि सुंदर आलेख काढतो.

[दृश्य: आईच्या मांडीवर तान्हं मूल. सदरा वर सरकवलेला. कुणीतरी फोनच्या स्क्रीनवर प्रत्येक श्वासाला बोट टेकवतंय.]

सगळ्यात उपयोगी अॅपं बहुतेक वेळा सगळ्यात साधी असतात. खोकला असलेल्या मुलाचे श्वास मोजायचे. छाती वर गेली की स्क्रीनवर एक टिचकी, पूर्ण ६० सेकंद. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक, म्हणजे श्वास जलद. अॅप वय विचारतं आणि मर्यादा स्वतः लावतं, त्यामुळे ती पाठ असण्याची गरज उरत नाही. मूल रडत असेल, दूध पीत असेल, तर थांबायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा मोह टाळायचा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा अधिक आला, तर पुन्हा एकदा मोजायचा.

दूरच्या डॉक्टरला फोटो पाठवतानाही घाई नडते. आधी लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतोच. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड. एक फोटो लांबून, पुरळ शरीरावर कुठे आहे ते दिसेल असा. दुसरा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. चॅटमधून फोटो म्हणून पाठवला, की तो आकुंचन पावतो आणि बारीक खुणा पुसल्या जातात. तोच फाइल म्हणून जोडला, तर जसाच्या तसा जातो. आणि व्हिडिओ कॉल अडखळायला लागला, तर चित्र बंद करून आवाज वाचवा. निदानाला लागणारी बरीचशी माहिती रुग्णाच्या बोलण्यातच असते.

[दृश्य: टेबलावर जाड रजिस्टर. त्याच्या शेजारी टॅब्लेट. एकच नाव दोन्हीकडे भरलं जातंय.]

गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या फोनमध्ये नोंदी साठतात आणि रेंज मिळाली की वर जातात. एकाच बाईची नोंद दोन सेविकांनी दोन फोनवर केली, तर वर दोन बायका तयार होतात. एकीचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं, दुसरीचं राहिलेलं. फोनचं घड्याळ चुकीचं असेल, तर जुनी नोंद नवीवर चढते. ही कामं किचकट आहेत, पण सुटणारी आहेत. न सुटणारी अडचण दुसरीच: अॅप आलं तरी रजिस्टर जात नाही. दिवसभराचं काम दोनदा लिहायला लागलं, की संध्याकाळी आठवून आठवून अॅप भरलं जातं, आणि सगळ्यांचा रक्तदाब १२०/८० निघतो.

शिवाय प्रत्येक प्रकल्पाचं अॅप वेगळं. युगांडात छोटे छोटे प्रायोगिक प्रकल्प इतके माजले, की जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नव्या प्रकल्पांना स्थगितीच दिली. नोंदणी झालेल्यांची संख्या फलकावर लावायला छान दिसते. विचारायला हवा तो आकडा वेगळा: उत्तर न देणाऱ्यांपैकी किती जणांना आठवडाभरात फोन गेला?

[दृश्य: दवाखान्यातलं टेबल. कागदावर उत्तर न आलेल्या नंबरांची यादी. पेन, फोन, पाण्याचा पेला.]

हा फोन करणं हेही कौशल्य आहे. त्याची तयारी नोंदणीच्या दिवशीच होते. हा फोन घरात आणखी कोण वापरतं? कोणत्या वेळी केलेला चालेल? दुसऱ्या कुणी उचलला, तर आम्ही कोण म्हणून सांगू? तिन्ही उत्तरं नावापुढे लिहिलेली असतात.

नंबर लावायचा. पलीकडून आवाज आला, की आधी नाव विचारायचं. ओळख पटेपर्यंत दवाखान्याचं नाव घ्यायचं नाही, आजाराचं तर नाहीच. दुसरंच कुणी असेल, तर ठरलेली ओळख सांगून ठेवून द्यायचा. लागला नाही, तर वेळ बदलून आणखी दोनदा. तरीही नाही, तर पत्ता काढायचा आणि नाव घरभेटीच्या यादीत घालायचं.

आणि तोच माणूस बोलत असेल, तर पहिला प्रश्न गोळ्यांचा नाही.

[ध्वनी: फोनची रिंग. तिसऱ्या रिंगला उचलला जातो.]

“काय, कसं काय चाललंय?”