गुरुवारी दप्तर घरी

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळ. शाळेचं फाटक. मुलं रिकाम्या हातांनी आत येतायत.]

पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातली ही एक माध्यमिक शाळा. आज गुरुवार, आणि नववीच्या वर्गानं दप्तर घरी ठेवलंय. आज ना बीजगणिताचा तास, ना इतिहासाचा. फळ्यावर तारखेच्या खाली एकच शब्द लिहिलाय: आयबीटी. पूर्ण नाव इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. मुलं नुसतं 'आयबीटीचा वार' म्हणतात.

[दृश्य: वर्कशॉप. चेहऱ्यासमोर वेल्डिंगचं हेल्मेट धरलेली मुलगी. ठिणग्या. पाच सेकंद फक्त आवाज.]

हेल्मेटच्या मागे आहे ती चौदा वर्षांची मुलगी. तिच्या पुढ्यात पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड आहे. तो सरावासाठी केलेला नाही. गावातल्या एका आजींनी त्याची ऑर्डर दिली आहे. गेल्या गुरुवारी ही आणि तिच्या गटातले तिघं टेप घेऊन आजींच्या अंगणात गेले होते. टाकीचा घेर मोजला, पाणी भरल्यावर वजन किती होईल याचा हिशेब केला, अँगल कोणत्या मापाचा लागेल ते ठरवलं. मग वहीत मांडणी केली: माल किती, वेल्डिंगचे रॉड किती, वीज किती, मजुरी किती, वाया किती जाणार. आजींना भाव सांगितला. आजींनी घासाघीस केली. मुलांनी थोडं कमी केलं, आणि किती कमी करता येईल हे त्यांना वहीकडे बघून कळत होतं.

[दृश्य: एका शाळेच्या भिंतीवरचा रंगीत तक्ता, 'जीवन कौशल्ये'.]

जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात जीवन कौशल्यांची यादी केली, ती दहांची. स्वतःची ओळख, दुसऱ्याचं मन जाणणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जक विचार, नीट संवाद, नातेसंबंध, भावना हाताळणं, ताण हाताळणं. यादी चांगली आहे. आज शहरांत याच नावानं शिबिरं भरतात, शनिवार-रविवारचे वर्ग चालतात, शाळांत तास होतात. त्यात मनापासून शिकवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. पण निर्णय घ्यायला शिकवायचं, तर मुलाच्या हाती खरा निर्णय द्यावा लागतो, जो चुकला तर माल वाया जाईल आणि कुणाला तरी तोंड दाखवावं लागेल. ही फिल्म आम्ही केली ती त्या एका गोष्टीसाठी.

[दृश्य: पाबळ. उजाड माळ, त्यावर अर्धगोल घुमट. जुनी छायाचित्रं.]

याची सुरुवात कुठे झाली, ते पाहायला शिरूर तालुक्यातल्या पाबळला यावं लागतं. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग आणि त्यांच्या पत्नी मीरा कलबाग मुंबई सोडून इथे आले. कलबागांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली होती. नंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरच्या पदावर काम केलं होतं. त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि दुष्काळी गाव निवडलं. इथे जे जमेल ते महाराष्ट्रात कुठेही जमेल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेचं नाव विज्ञान आश्रम. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. आश्रम म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे फारसं काही नाही. इथे ग्राइंडर आहे, लेथ आहे, कोंबड्या आहेत, पाया खणायला दोरी लावलेली आहे.

हातकामातून शिकण्याचा विचार अर्थातच जुना. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी तोच मांडला होता, आणि त्याला पुढे 'नई तालीम' हे नाव मिळालं. त्या शाळांत बहुधा एक मध्यवर्ती उद्योग असायचा: सूतकताई, शेती, सुतारकाम. कलबागांनी इथे एक महत्त्वाचा बदल केला. एका गावाला चाळीस वेल्डर नको असतात. म्हणून प्रत्येक मुलानं सगळंच करायचं: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. मुलगा असो की मुलगी, पोळी दोघांनी लाटायची आणि भिंतही दोघांनी बांधायची. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच, हातात कसब असलेले. आणि काम असं निवडायचं की ते गावातल्या कुणाला तरी हवं असेल. राज्याच्या माध्यमिक मंडळानं पुढे हा विषय म्हणून मान्य केला.

'कुणाला तरी हवं असेल' हे शब्द लक्षात ठेवा. सगळं त्यावर उभं आहे.

[दृश्य: पुन्हा शाळा. प्रयोगशाळा. टेबलावर स्पिरिटचा कापूस, काचेच्या नळ्या, ड्रॉपर.]

गृह आणि आरोग्य विभाग. आज हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोहयुक्त लाल द्रव्य, मोजायचं. पद्धत साहलीची, शंभर वर्षांहून जुनी. अचूकतेत ती यंत्राच्या मागे आहे, पण शिकायला तिच्यासारखी नाही, कारण यात सगळं डोळ्यांना दिसतं. निदेशिका मॅडम प्रत्येकासाठी नवी सुई फोडतात. नळीत खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. बोटाच्या टोकातून 20 मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. ते आम्लात सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं.

[दृश्य: नळीचा क्लोजअप. लाल रंग तपकिरी होतो.]

आता ऊर्ध्वपातित पाणी, थेंब थेंब. दर थेंबानंतर ढवळायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग ताडून पाहायचा. एक थेंब जास्त पडला तर आकडा चुकला, पुन्हा बोट टोचा. वर्गात एरवी दंगा करणारी मुलं इथे श्वास रोखून उभी आहेत. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. या वयाच्या मुलींना तो 12 च्या (100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या) खाली आला तर रक्त कमी आहे असं समजायचं.

या टेबलाचा एक नियम आहे, तो मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला: दुसऱ्याचा आकडा मोठ्यानं वाचायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि ज्याचा त्याच्या हाती द्यायचा.

[दृश्य: एक मुलगी चिठ्ठी उघडते, वाचते, पुन्हा घडी घालते. तिची मैत्रीण दुसरीकडे पाहते. निवेदन नाही. दहा सेकंद.]

दुपारी याच मुली पालेभाजी, गूळ, शेंगदाणे, मोड आलेली मटकी यांचा तक्ता करतात. भाजीवर लिंबू पिळायचं, कारण त्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लावायला मदत करतं. जेवणाबरोबर चहा नको, कारण तो लोह अडवतो. ही माहिती पुस्तकातही आहे. पण आज प्रत्येकीच्या खिशात स्वतःचा आकडा आहे.

[दृश्य: शेळ्यांचा गोठा. मुलगा टेपनं बोकडाची छाती मोजतोय. बोकड हलतो, सगळे हसतात.]

शाळेमागची वस्ती. बोकड विकायचा आहे आणि व्यापारी डोळ्यानं अंदाज बांधतो. मुलं टेप लावतात. छातीचा घेर 30 इंच, खांद्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी 27 इंच. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत वजन येतं. वहीत उत्तर आलं जवळजवळ 37. व्यापारी तीस म्हणत होता. मग काटा आणला, बोकड टांगला: 36.

पुढचं बोलणं आमच्या कॅमेऱ्यात पूर्ण आलेलं नाही. जेवढं आलं, त्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसासमोर उभा राहून, आवाज न चढवता, म्हणतोय, "काका, काट्यावर तुम्हीच वाचा."

[दृश्य: चिक्कीचं पातेलं. गुळाचा पाक. लाटणं.]

चिक्कीचं थोडक्यात. पहिल्या वेळी पाक कच्चा राहिला, चिक्की दाताला चिकटली, विक्री झाली नाही. दुसऱ्या वेळी जमली, पण इंधनाचा खर्च धरलाच नव्हता. तिसऱ्या वेळी वहीत नफा दिसला. त्या पैशांतून पुढचा गूळ आला.

[दृश्य: पाबळ. डोमची उभारणी. वरून घेतलेलं चित्र.]

विज्ञान आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही चालतो. शाळेशी ज्यांचं पटलं नाही, अशी कितीतरी मुलं इथे येतात. या घुमटाला ते डोम म्हणतात. भिंत वेगळी नाही, छप्पर वेगळं नाही, सगळे त्रिकोण. चौकोन ढकलला तर वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून वारा आणि हादरा हे बांधकाम सोसतं. अशा रचनेचा वीस फूट व्यासाचा डोम करायचा तर 65 दांड्या लागतात: 35 लांब, सुमारे सहा फूट दोन इंचांच्या, आणि 30 आखूड, सुमारे साडेपाच फुटांच्या. 26 सांधे, 40 त्रिकोण. भूमितीच्या वहीतला त्रिकोण इथे खांद्यावर घेऊन शिडी चढावी लागते.

[दृश्य: शिडीवर दोन मुलं. शेवटची दांडी बसत नाही.]

पाहा, शेवटची दांडी बसत नाहीये. दोन बोटं कमी पडते. याचा अर्थ खाली कुठेतरी लांब आणि आखूड यांची अदलाबदल झालीये. पाऊण तास मुलं वाद घालतात. एकाला वाटतं, हातोड्यानं बसवू. दुसरा म्हणतो, सगळं उतरवू. तिसरी, आत्तापर्यंत गप्प असलेली, खडू घेते आणि जमिनीपासून एकेक सांधा मोजत वर येते. चौथ्या ओळीत सापडतं. ती दांडी कुणी लावली होती, हे कुणी विचारत नाही. निदेशक सर एवढा वेळ वीस फुटांवर बसून होते. मध्ये न बोलणं हेच त्यांचं शिकवणं. आमच्या मते या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे, आणि तिचं प्रशिक्षण कुठेच मिळत नाही.

[दृश्य: संगणक, लेझर कटर, मुलांची गर्दी.]

याच आवारात 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीनं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून यंत्रानं वस्तू घडवायची कार्यशाळा, सुरू झाली, एमआयटीच्या बाहेरची जगातली पहिली. दहावी नापास झालेला मुलगा इथे लेझर कटरसाठी चित्र आखतो. शेजारी कोंबड्यांचा खुराडा आहे.

[दृश्य: पालकसभा. सतरंजीवर बसलेले आईवडील.]

पालकांचा प्रश्न नेहमीचा: दहावीच्या मार्कांचं काय? एका आईचं बोलणं आम्ही जसंच्या तसं ठेवलंय: "पोरगी आधी पाव्हणं आलं की आत पळायची. आता बाहेर येऊन बोलती. मार्काचं मला काय कळत नाय."

[दृश्य: शाळांच्या इमारती, चालत्या गाडीतून.]

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे काम शिकावं, अशी कल्पना आहे. पाऊल योग्य आहे, आम्हाला त्याचा आनंद आहे. पण दहा दिवसांत मूल काम पाहून येतं. वेल्ड तुटून परत आला, पुन्हा केला, पुन्हा तुटला, मग टिकला, यासाठी महिने लागतात. आठवड्यातला एक दिवस, तीन वर्षं. हे जमतं, हे या शाळांनी दाखवलंय. प्रत्येक शाळेला हा दिवस मिळायला हवा. वर्कशॉपला जागा लागते, निदेशकांना मानधन वेळेवर लागतं, वेळापत्रकात एक वार सोडावा लागतो. त्यासाठी मागणी पालकांकडून यावी लागेल.

इथून गेलेल्यांपैकी काहींनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं, काही शिकायला पुढे गेले, काही निदेशक म्हणून परत आले.

[दृश्य: संध्याकाळ. आजींचं अंगण. टाकीचा स्टँड.]

स्टँड आजींच्या अंगणात पोहोचला. आजी टाकी ठेवायच्या आधी तो हातानं हलवून बघतात.

"आगं पोरी, हालतोय की गं ह्यो."

मुलगी खाली वाकते. लेव्हल लावते. गटातले तिघं तिच्याकडे पाहतायत.

"आजी, एक पाय माझ्याकडून अर्धा इंच कमी कापला गेला. उद्या सकाळी नीट करून आणते."

"आन् पैशे?"

"वरचे नाही पडणार."

[दृश्य: चौघं स्टँड उचलून शाळेच्या दिशेनं निघतात. एक पाय अजून ताजा, न रंगवलेला. पाठमोरं चित्र, रस्ता संपेपर्यंत. निवेदन नाही.]