भीतीवर औषध काय?

ही खोली इस्पितळातली आहे, पण मुद्दाम घरच्यासारखी लावलेली. सोफा, मंद दिवा, पांघरूण. आडवा झालेला माणूस कॅन्सरचा रुग्ण. त्यानं एक कॅप्सूल गिळली, डोळ्यांवर पट्टी ओढली, कानांना हेडफोन लावले. शेजारी दोन थेरपिस्ट बसलेत. पुढचे पाच-सहा तास ते फारसं बोलणार नाहीत. भीती वाटली की त्यानं हात पुढे करायचा, त्यांनी तो धरायचा. एवढं आधीच ठरलंय.

कॅप्सूलमध्ये आहे सायलोसायबिन. काही जातींच्या अळिंबीत सापडणारं, भास घडवणारं द्रव्य. १९५८ साली स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमन यांनी ते वेगळं काढलं.

वेदनेवर मॉर्फिन आहे, मळमळीवर गोळी आहे. पण रात्री तीनला जाग येते आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ हा विचार छातीवर बसतो, तेव्हा काय द्यायचं? झोपेची गोळी? माणसाला झोपवून त्याची भीती जात नाही.

हे १९६०च्या दशकातही काहींना कळलं होतं. अमेरिकेत, मेरीलँडच्या स्प्रिंग ग्रोव्ह रुग्णालयात वॉल्टर पान्के आणि स्टॅनिस्लाव्ह ग्रॉफ कॅन्सरच्या रुग्णांना एलएसडी, असंच भास घडवणारं द्रव्य, देऊन बघत होते. १९७०च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर हे काम हळूहळू गुंडाळलं गेलं. रुग्ण मात्र तीच भीती उराशी घेऊन जात राहिले, आणि याची चुटपुट लागते.

२०१६ साली सायलोसायबिनचे दोन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क विद्यापीठात २९ रुग्ण, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ५१. हॉपकिन्समधल्या सुमारे ८० टक्के रुग्णांची चिंता आणि नैराश्य सहा महिन्यांनंतरही बरंच उतरलेलं होतं. रोजची गोळी नाही. एकच मोठा डोस, आणि त्याच्या आधी-नंतर भरपूर बोलणं.

त्या तासांत काय होतं? सायलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेवर काम करतं. रुग्ण सांगतात, ‘मी’ची कड विरघळते. कुणी हमसून रडतं. कुणाचा आधी थरकाप उडतो, म्हणून तर तो हात.

कॅन्सर यानं तसूभरही हटत नाही. अभ्यास लहान आहेत, आणि खरा डोस कुणाला मिळाला आणि तुलनेसाठी नावापुरता कुणाला, हे लपून राहत नाही. स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर हा मार्ग बंद.

तरी मरणाऱ्यांना थांबायला वेळ नसतो. ऑगस्ट २०२० मध्ये कॅनडाच्या आरोग्यमंत्र्यांनी चार रुग्णांना सायलोसायबिन घेण्यासाठी कायद्यातून सूट दिली.

हॉपकिन्सच्या अभ्यासाचे प्रमुख होते रोलंड ग्रिफिथ्स. २०२१ मध्ये त्यांनाच आतड्याचा कॅन्सर निघाला, चौथ्या टप्प्यातला. आजारपणातही ते मुलाखती देत राहिले, मरणाबद्दल मोकळेपणानं बोलत राहिले. काम आपल्यामागे चालू राहावं म्हणून त्यांनी विद्यापीठात निधी उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते गेले.