आंबायचं कुठे, पातेल्यात की पोटात?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत आहारशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'आयबीएस : घरगुती उपाय आणि आंबवलेले पदार्थ'. उपायांकडे मी येणार आहे. पण आधी इडलीबद्दल बोलायचंय, आणि तेही सविस्तर, कारण माझं सगळं म्हणणं त्या पिठाच्या पातेल्यात आहे.

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हे आतड्याचं दुखणं काय असतं, हे या सभागृहात फार समजावावं लागणार नाही. सकाळी तीनदा जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. एसटीत चढायची वेळ झाली की कळ येते. दोन घास खाल्ले की पोट डब्ब. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटूनपालटून दोन्ही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बीण घालून पाहिलं तरी नॉर्मल. मग सांगतात, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." या वाक्याचा मला मनापासून राग आहे. 1973 मध्ये रिची या ब्रिटिश संशोधकाने अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. ज्या फुगवट्याने निरोगी माणसांपैकी क्वचितच कुणाला दुखलं, त्याने यांच्यातल्या कितीतरी जणांना कळा आल्या. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. तपासणीत दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ताणाने ते वाढतं हे खरं, पण म्हणून ते 'मनाचं' होत नाही. घरातल्या सासू-सुनांनी, नवऱ्यांनी, आयांनी एवढं जरी आज इथून नेलं तरी मला पुष्कळ आहे.

आता इडली.

मी शिकवत होते तेव्हा वसतिगृहातली एक मुलगी माझ्याकडे आली. सिंधुदुर्गातली. तिचं दुखणं अगदी असंच, परीक्षा जवळ आली की जास्त. एका डॉक्टरांनी तिला आंबवलेलं सगळं बंद करायला सांगितलं होतं. आंबट खाल्लं की गॅस होतो, असा आपल्याकडे समजच आहे. तिने मला विचारलं, "मॅडम, मेसमधली इडली खाल्ली की संध्याकाळपर्यंत पोट फुगतं. पण घरी आजीच्या आंबोळ्या मी चार-चार खाते, काही होत नाही. असं कसं? दोन्हींत तांदूळ आणि उडीदच ना?"

मला हा प्रश्न फार आवडला. मी मेसच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आचारी भला माणूस होता, त्याने काही लपवलं नाही. तयार पीठ, त्यात पाणी, वरून सोडा आणि लिंबूफूल. अर्ध्या तासात इडली पात्रात. वर फुगलेली, जाळीदार, पांढरीशुभ्र. दिसायला आंबवलेली, पण एक क्षणही न आंबलेली!

हा फरक नीट समजून घ्या. उडदात, आणि तसा सगळ्याच डाळींत, रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. त्यातून हायड्रोजन निघतो, कुणाकुणात मिथेनही. निरोगी माणसाला तो गॅस जाणवतही नाही. हळव्या आतड्याच्या माणसाला तोच गॅस म्हणजे रिचीचा फुगा.

घरी आपण उडीद भिजत घालतो, तेव्हा यातल्या काही साखरा पाण्यात उतरतात. ते पाणी ओतून द्यायचं असतं; 'सत्त्व जाईल' म्हणून त्यातच वाटणाऱ्यांनी हे ऐकावं. मग वाटण रात्रभर राहतं. विरजण कुणी घालत नाही, डाळ-तांदळावरचेच जिवाणू कामाला लागतात. सुरुवातीला त्यातला ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू जोर धरतो, पीठ मुख्यतः तोच फुगवतो, आणि आंबटपणा वाढला की दुसरे पुढे येतात. जे तुमच्या मोठ्या आतड्यात होणार होतं, त्यातलं बरंचसं त्या पातेल्यात होऊन जातं. गॅस धरतो, पण पिठात. आंबणं टळत नाही; कुठे होऊ द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं. सोड्याने फुगवलेल्या पिठात ही कामगिरी कुणीच केलेली नसते. ती सगळी त्या बिचाऱ्या मुलीच्या पोटावर सोपवलेली असते.

एका मुलीवरून सिद्धांत होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उडदातल्या साखरा भिजवून-आंबवून कमी होतात, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. म्हणून माझी तक्रार आहे ती वेळ चोरण्याबद्दल. पाकिटावर 'झटपट' लिहिलेलं असतं. झटपट कुणासाठी? करणाऱ्यासाठी. पोटासाठी नव्हे. लग्नातला ढोकळा घ्या, हॉटेलातला डोसा घ्या, सोडा आणि फ्रूट सॉल्टवर फुललेलं पीठ आता सर्रास दिसतं. माणूस खातो, फुगतो, आणि दोष आंबवण्याला देतो. आपल्या आंबोळ्या, सान्नं, नाचणीची किंवा ज्वारीची रात्रभर ठेवलेली आंबील यांना विनाकारण बदनामी येते.

दुसरी गोष्ट. इडली वाफवली, आंबोळी तव्यावर टाकली, आंबील शिजवली, की जिवाणू मरतात. तेव्हा 'इडलीतून चांगले बॅक्टेरिया मिळतात' हे म्हणणं सोडा. तिथे फायदा आहे तो त्यांनी आधी करून ठेवलेल्या कामाचा. जिवंत जिवाणू हवे असतील तर ते दह्या-ताकात. आणि लोणचं? आपलं तेला-मिठातलं कैरीचं लोणचं बहुतेक आंबवलेलं नसतंच; मीठ, मोहरी आणि तेलाने ते टिकवलेलं असतं. पोटाच्या औषधाच्या नावाखाली त्याच्या दोन फोडी जास्त घेऊ नका.

ताकाबद्दल मी तासभर बोलू शकते. चरकसंहितेत ग्रहणीच्या, म्हणजे पचन बिघडण्याच्या दुखण्याच्या, अध्यायात ताक श्रेष्ठ म्हटलंय, ते दीपन करतं म्हणजे भूक वाढवतं, ग्राही म्हणजे मळ बांधणारं आहे, हलकं आहे म्हणून. ग्रहणी म्हणजेच आजचा आयबीएस, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या नावाखाली बरीच दुखणी येतात. तिकडे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ, 1908 चे नोबेल मानकरी, आंबट दूध आणि दीर्घायुष्य यांची सांगड घालत होते. नोबेल त्यांना प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं, दह्यासाठी नव्हे. फॉरवर्डमध्ये हे नेहमी चुकीचं येतं...

संयोजकांनी चिठ्ठी दिलीय, दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता भरभर.

ताक घरच्या दह्याचं, भरपूर पाण्याचं, नीट घुसळून लोणी काढलेलं, जिरेपूड घालून. दुपारी, अर्ध्या वाटीपासून सुरुवात. दही लागताना दुधातली काही साखर खर्ची पडते आणि पाण्याने उरलेली पातळ होते, म्हणून दूध न सोसणाऱ्यांनाही ताक बऱ्याचदा सोसतं. नाही सोसलं तर सोडून द्या, त्यात हट्ट नको.

इसबगोल. माझ्या मते घरगुती उपायांत सगळ्यात भक्कम पुरावा याचा. 2009 मध्ये नेदरलँड्समधली चाचणी प्रसिद्ध झाली, 275 रुग्ण, 12 आठवडे. काहींना रोज 10 ग्रॅम इसबगोल, काहींना गव्हाचा कोंडा, काहींना नुसती तांदळाची पिठी. इसबगोलने आराम पडला. कोंड्याने बऱ्याच जणांचा त्रास वाढला आणि त्यांनी तो सोडून दिला. तेव्हा 'फायबर खा' म्हणून कोंड्याच्या पोळ्या लादू नका. एका चमच्याने सुरुवात, मोठा पेला भरून पाणी, कोरडं कधीच गिळायचं नाही.

पेपरमिंट तेलातला मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतो. पण ते आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूलमधून, डॉक्टरांना विचारून. छातीत जळजळ असणाऱ्यांनी जपून. ओवा, हिंग, सुंठ यांच्यामागे मोठ्या चाचण्या नाहीत, पण स्वयंपाकातल्या प्रमाणात बरं वाटत असेल तर जरूर घ्या. कुडा आणि कच्चं बेलफळ ही जुलाबाची औषधं. बद्धकोष्ठ असलेल्याने घेतली तर उलटंच होईल. आणि रोज रात्रीच्या 'पोट साफ' चूर्णाची बाटली उलटी करून घटक वाचा. त्यात सोनामुखी, म्हणजे जुलाब करवणारी वनस्पती, असेल, तर सकाळच्या कळा कदाचित तीच देत असेल.

पथ्य. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी फॉडमॅप आहार मांडला. सहज आंबणाऱ्या साखरा दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक परत सुरू करून पाहायचं. तो जन्मभर करायचा नसतो. आपल्याकडे यात मुख्य येतात गहू, कांदा, लसूण आणि डाळी. ज्वारी-तांदूळ चालतात. लसणाशिवाय फोडणी कशी, असं विचाराल. लसूण तेलात तळा आणि काढून टाका. त्याच्या त्रासदायक साखरा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. स्वाद मिळतो, गुबारा नाही.

प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्या? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएससाठी त्या सुचवलेल्या नाहीत. त्याच वर्षी स्टॅनफर्डने आंबवलेल्या पदार्थांवर चांगला अभ्यास केला, ते खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, पण अभ्यासातली सगळी 36 माणसं निरोगी होती. तो निष्कर्ष उचलून आपल्या दुखण्यावर चिकटवू नका.

शौचातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, दुखण्याने झोपेतून जाग येणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याचा कर्करोग, यातलं काहीही असेल तर ताक-इसबगोल बाजूला ठेवून आधी तपासणी.

शेवटची एक चिठ्ठी आलीय, 'कोंबुचा चालेल का?' तो आंबवलेला चहा आहे, त्यात साखर असते, बुडबुडे असतात, आणि फुगणाऱ्या पोटाला दोन्ही नकोत. त्या पैशांत उडीद आणा आणि आज रात्री भिजत घाला.