बेड्याबाहेर थांबणारा कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की मालवण, वेंगुर्ले, गुहागरकडच्या आतल्या रस्त्यांवर मध्येच थांबलेल्या गाड्या दिसू लागतात. रस्त्याच्या खालच्या अंगाला, माडापोफळीच्या सावलीत एखादे कौलारू घर असते; चिऱ्याच्या भिंती, उतरते छप्पर, सारवलेले खळे म्हणजे अंगण आणि पुढ्यात तुळशीवृंदावन असे सारे एका नजरेत भरते आणि हात आपसूक मोबाइलकडे जातो. यात वावगे काहीच नाही. सिमेंटच्या स्लॅबपुढे अशी घरे कमी होत चालली आहेत आणि त्यांची छायाचित्रे निघावीत, जपली जावीत, असे मलाही मनापासून वाटते. मात्र त्या घरात माणसे नांदत असतात, आणि त्यांच्याशी आपल्या कॅमेऱ्याने कसे वागावे, याविषयी आज मला बोलायचे आहे.

कोकणातल्या घरात शिरण्याची एक रीत आहे. गडग्यातले बेडे, म्हणजे दगडी कुंपणातले फाटक, ही पहिली हद्द, आणि अनोळखी माणूस तिथूनच हाक घालतो. आतून ओ आली की खळ्यात यावे, ‘बसा’ म्हटले की पडवीत टेकावे. माजघर मात्र घरच्यांचे आणि नात्यागोत्यातल्यांचे, आणि परसदारच्या न्हाणीकडे तर परक्याने वळायचेच नाही. ही रीत कुठे पाटीवर लिहिलेली नसते, बेड्याला कुलूपही नसते, तरी गावात ती सर्वांना ठाऊक असते. दूरचे टिपणारी लेन्स मात्र पाऊल न टाकता पडवी ओलांडून माजघराच्या दारात पोचते, आणि ड्रोन तर थेट परसावर घिरट्या घालतो. माझे म्हणणे इतकेच आहे की जी हद्द पायांना, तीच कॅमेऱ्यालाही असावी.

उन्हाळ्यातल्या दुपारचे खळे डोळ्यांसमोर आणा. सुपात कोकमाची सोलं सुकत आहेत, जुन्या साडीवर फणसाचे पापड पसरले आहेत, दोरीवर धुणे आहे आणि घरच्या विटक्या लुगड्यातली आजी हातात काठी घेऊन कावळे हाकते आहे. छायाचित्रकाराला याहून चांगली चौकट मिळणार नाही. पण आजी या वेळी आपल्या घरात, आपल्या कामात आहे, जगासमोर उभी नाही. म्हणून आधी हाक घालावी. ‘खयसून इलात?’ असे ती विचारील, तेव्हा आपले नाव, गाव आणि छायाचित्र कुठे दाखवणार आहोत हे सरळ सांगावे. ती ‘नको’ म्हणाली, तर विषय तिथेच संपला. ‘थांबा, लुगडे बदलून येते’ म्हणाली, तर आपल्याला ते विटके लुगडेच अधिक आवडलेले असले, तरी थांबावे. कारण आपण कसे दिसावे हे ठरवणे तिच्याकडे आहे.

सार्वजनिक रस्त्यावरून घराचे बाह्यरूप टिपायला साधारणपणे कायद्याची आडकाठी नाही, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही वास्तूच्या छायाचित्राला मोकळीक दिलेली आहे. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. शेजारच्या गोव्यात तर जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्याला, अनोळखी व्यक्तींची छायाचित्रे परवानगीवाचून घेऊ नयेत, अशी सूचना काढावी लागली.

याहून मोठी काळजी मला छायाचित्र घेतल्यानंतरची वाटते. यांपैकी कित्येक घरांत म्हातारी माणसे एकटी राहतात, तर काही घरे गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. मोबाइलमधली लोकेशनची सोय चालू असेल, तर जागेचे अक्षांश-रेखांश छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदले जातात. आणि त्याखाली आपण कळवळ्याने ‘आजी इथे एकट्याच असतात’ असे लिहिले, तर ती माहिती नको त्या माणसाच्याही हाती पडते. तेव्हा लोकेशन काढून टाकावे, गावाऐवजी फार तर तालुक्याचे नाव द्यावे, आणि दारावरची पाटी, गाडीचा क्रमांक, मुलांचे चेहरे चौकटीबाहेर ठेवावेत.

छायाचित्राची छापील प्रत त्या घरी आठवणीने पाठवावी. मुंबईचा मुलगा गणपतीला आला की आजी त्याला ती दाखवील, आणि हे सर्वांसमोर नको असे त्या घरातल्या कुणी कळवले, तर कारण न विचारता ते त्याच दिवशी काढून टाकावे.

नमस्कार.