ऑक्शन म्हणजे वाढ?

नमस्कार श्रोतेहो. परवा लासलगावहून नाशिकला येताना एसटीत शेजारी एक आजोबा आणि त्यांचा नातू बसले होते. नातू मोबाइलमध्ये डोकं घालून. आजोबांनी विचारलं, “काय बघतो रे?” “आयपीएलचं ऑक्शन, बाबा. खेळाडू विकत घेतात.” आजोबा म्हणाले, “म्हंजे लिलावच की! सकाळी आपल्या कांद्याचा झाला तसा.”

हा ऑक्शन शब्द मूळचा लॅटिन. ‘आउगेरे’ म्हणजे वाढवणं, त्यावरून ‘आउक्तिओ’ म्हणजे वाढ. बोली चढत जाते ना, म्हणून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. पुस्तकावर ज्याचं नाव असतं तो ऑथरही याच घरातला. मूळ अर्थ, भर घालणारा. सगळेच घालतात असं नाही, ते सोडा.

पण हॉलंडच्या फुलबाजारात भाव वरून सुरू होतो आणि उतरत जातो. जो आधी थांबवेल, माल त्याचा. त्यालाही म्हणायचं डच ऑक्शनच! नाव वाढीचं, भाव उतरणीचा. आपल्याकडच्या कांदा उत्पादकाला याचं फारसं नवल वाटायचं नाही.

रोमन लोक लुटीचा माल विकताना जमिनीत भाला रोवत. म्हणून स्पॅनिशमध्ये लिलावाला अजून ‘सुबास्ता’ म्हणतात, भाल्याखालची विक्री. इसवी सन १९३ मध्ये तर रोमच्या शाही रक्षकांनी सम्राटाला मारलं आणि गादीच लिलावात काढली. दिदियस जुलियानसने ती घेतली, आणि सव्वादोन महिन्यांत त्याचाही जीव गेला. एवढा मोठा वांधा आपल्या बाजार समितीत अजून निघालेला नाही.

आता आजोबांचा ‘लिलाव’. तोही पाहुणाच, पोर्तुगिजांकडून आलेला. बटाटा, चावी, पगार, घमेलं यांच्याच बोटीतून. आपल्या घरचा शब्द म्हणजे ‘बोली’. तोंडाने सांगितलेला भावही बोली आणि गावची भाषाही बोली.

इंग्रजीत बोलीला ‘बिड’ म्हणतात. त्यात दोन जुनी क्रियापदं मिसळून गेली आहेत: एकाचा अर्थ देऊ करणं, दुसऱ्याचा विनवणं. मोकळ्या कांद्याच्या ट्रॉलीपाशी उभे राहा, दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतील. व्यापारी आकडा पुकारतो, आणि ट्रॉलीवरून आवाज येतो, “शेठ, अजून शंभर तरी वाढवा ना!”