कॉलेजविल, २००३: टॅकलशिवायचा सराव

पाइनच्या झाडीत खोलगट बसलेलं हे मैदान. क्लेमेन्स स्टेडियम, कॉलेजविल, मिनेसोटा. शेजारी बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ, आणि त्याच मठानं काढलेलं सेंट जॉन्स विद्यापीठ. इथला फुटबॉल लांबट चेंडूचा, हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो. चेंडूवाल्याला धरून जमिनीवर पाडणं म्हणजे टॅकल.

हंगाम २००३ चा. एमआयएसी ही छोटी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, सगळी कॉलेजं मिनेसोटातलीच. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतली, म्हणजे डिव्हिजन थ्री असल्यामुळे खेळतो म्हणून कुणाला स्कॉलरशिप मिळत नाही.

सराव बघा. डोक्यावर हेल्मेट, अंगात साधे कपडे, खांद्यांचे पॅड नाहीत. शिट्टी कुणाकडेच नाही. फेऱ्या मारायला लावत नाहीत, संघातून कुणाला वगळत नाहीत. दीड तासाच्या वर सराव नाही, आणि डास फार चावायला लागले की त्याआधीच आवरतात. कडेला उभे आहेत ते जॉन गॅग्लिआर्डी, १९५३ पासून इथले प्रशिक्षक. मुलं त्यांना 'कोच' म्हणत नाहीत, नुसतं 'जॉन' म्हणतात.

हा तुकडा सावकाश बघू. चेंडूवाला पळत येतोय. अडवणारा त्याच्या मागे धावत नाही. तीन पावलांनी तो जिथे पोचेल, तिकडे तिरका निघतो. नजर कमरेवर. खांदे हूल देतात, डोकं हूल देतं, कंबर देत नाही. कबड्डी खेळलेल्यांना हे सांगायला नको. आता गुडघे वाकले, हनुवटी वर, जवळचा पाय चेंडूवाल्याच्या पावलाशी. दोन्ही हात पुढे आले, अंगाला लागले... आणि सोडून दिलं. पाडापाडी नाही. पुढचा डाव.

चुकतं कुठे? एक, दमलेला गडी मान खाली घालतो. मग धडक हेल्मेटच्या टाळूवर बसते आणि सगळा भार मानेच्या मणक्यांवर जातो. दोन, पाय लांबच राहतात आणि नुसते हात पुढे जातात. चेंडूवाला त्यातून निसटतो. दोन्ही चुका इथे, या वेगातही स्पष्ट दिसतात. त्या दाखवायला कुणाचा खांदा निखळावा लागत नाही. वाचलेला वेळ डाव पुन्हापुन्हा घोटण्यात जातो, आणि शनिवारच्या सामन्याला मुलं धडधाकट असतात.

ही रीत जुनी. १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडमध्ये शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले आणि सोळा वर्षांच्या कप्तानानंच संघ हाती घेतला. खेळाडू म्हणून जे जे नकोसं वाटायचं, ते ते त्यानं बंद केलं. तो कप्तान म्हणजे जॉन.

८ नोव्हेंबर. साडेसात हजारांच्या स्टेडियमात १३ हजारांच्या आसपास माणसं. समोर बेथेल विद्यापीठाचा संघ. २९-२६. गॅग्लिआर्डींचा ४०९ वा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक विजयांचा, ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ चा विक्रम मागे पडला. आठवड्यापूर्वीच त्यांना ७७ वं वर्ष पूर्ण झालं होतं.

२० डिसेंबर, सेलम, व्हर्जिनिया. डिव्हिजन थ्रीचा अंतिम सामना, स्टॅग बोल. समोर माउंट युनियन, सलग ५५ सामने जिंकून आलेला संघ. फलक बघा: २४-६, सेंट जॉन्स जिंकलं. हंगामातले चौदापैकी चौदा सामने.

गॅग्लिआर्डी २०१२ च्या हंगामानंतर थांबले, ४८९ विजयांवर. आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटातल्या, प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावातून टॅकल काढायचं ठरवलं, ते २०१६ साली.